ताप उतरला, तरी नाक चोंदलेले आणि अंगात त्राण नाही : घरी काय करावे?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)

आमच्या सासूबाईंचे वय 64 असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत त्यांना सर्दी-ताप झाला. ताप लवकर उतरला. परंतु आठवडा उलटून गेला तरी रात्री आडवे झाले की नाक गच्च होते आणि सकाळी उठल्यावर हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि नाकात टाकायचे थेंब चालू आहेत. थेंबांनी काही वेळ मोकळे वाटते, मग नाक पुन्हा बंद होते. भाताच्या पेजेपलीकडे त्या काही घेत नाहीत. घरी काय करता येईल, आणि घरी थांबू नये असे केव्हा समजावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, औसा, जि. लातूर)

ताई, नाक चोंदते ते केवळ शेंबडाने नव्हे. नाकाच्या अस्तरातील रक्तवाहिन्या फुगून वाट अरुंद होते, म्हणून कितीही शिंकरले तरी मोकळे वाटत नाही, आणि आडवे झाल्यावर ही सूज वाढते. रात्री डोक्यासह खांदेही थोडे उंच राहतील असे अंथरूण करावे. पाव लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात पाव चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा प्रत्येक नाकपुडीत काही थेंब सोडून हलकेच शिंकरावे. पाणी रोज नवे करावे. बोअरचे किंवा हौदातले न उकळलेले पाणी नाकात कदापि घालू नये. वाफेने तात्पुरते बरे वाटते, पण उकळत्या पाण्याचे पातेले अंथरुणावर किंवा मांडीजवळ घेऊन पांघरूण ओढू नये. अशा प्रकारे भाजलेली माणसे मी नोकरीत पाहिली आहेत.

उत्तर (औषधविक्रेता, नांदेड)

मला चिंता वाटते ती गोळ्यांची आणि थेंबांची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे टाकत राहिले, तर त्यांचा अंमल ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदू लागते, आणि तुम्ही वर्णन केले आहे ते नेमके तसेच दिसते. ते आता बंद करावेत. बंद केल्यावर सुरुवातीला त्रास वाढतो, त्या काळात मिठाच्या पाण्याचा आधार घ्यावा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतात. फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, तर क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि वयस्कांचा तोल जाऊ शकतो. त्यामुळे तुम्हाला दिसणारा अशक्तपणा काही अंशी गोळीचाही असू शकेल. पाकिटावरील घटक वाचावेत आणि जोडीला वेगळी पॅरासिटामॉल देऊ नये. रक्तदाबाची नेहमीची गोळी मात्र चुकवू नये. विषाणूजन्य सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, म्हणून ते मनाने आणू नये.

उत्तर (शेतकरी, अंबाजोगाई, जि. बीड)

मळणीयंत्रातून उडणारा भुसा आणि धूळ कपड्यांवर बसून घरात येते. शेतातून आलेल्यांनी कपडे बाहेरच झटकून बदलावेत, आणि पोती निजण्याच्या खोलीत रचू नयेत. दरवर्षी सुगीतच नाक बंद होत असेल, तर अॅलर्जीची शक्यता धरून नाक-कान-घसा विभागात दाखवावे. आमच्याकडे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात ती सोय आहे. नुसत्या पेजेने ताकद भरून येत नाही. हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण, ताकातली ज्वारीची आंबील असे पातळ पण अंगी लागणारे पदार्थ थोडे थोडे द्यावेत. रक्तदाब आहे म्हणून मीठ बेताचेच असावे.

उत्तर (आरोग्यसेविका, औसा)

घरी केव्हा थांबू नये, ते राहिले होते. धाप लागणे, छातीत दुखणे, ऑक्सिमीटरवर 94 पेक्षा कमी आकडा, लघवी कमी होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या हंगामात आपल्याकडे डेंग्यू असतो, आणि त्यात धोका बरेचदा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. म्हणून पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा काळे शौच यांकडे दुर्लक्ष करू नये, आणि डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःहून देऊ नये. डॉक्टरांनी अॅस्पिरिन नेहमीसाठी दिली असेल, तर त्यांनाच विचारावे. यांपैकी काही नसेल, तर तापानंतरचा थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्यापुढेही राहिला, तर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.