ऑस्ट्रेलियन डेबिल: साल कसं ओळखायचं?

जिलाँगची_मुग्धा
नमस्कार मंडळी. इथून तासाभरावर एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून सिनेमाची तीन पोस्टरं उचलली. उभट, अरुंद, घड्या घातलेली. इथे ह्यांना डेबिल म्हणतात, एवढं विकणाऱ्या आजींनी सांगितलं.

पहिलं 'जेड्डा'चं. दुसरा कुठलातरी काउबॉयपट. त्यावर एक चिठ्ठी डकवलीय, तिच्यावर 'एनआरसी' (मला आधी आसामच आठवला). तिसरं सगळ्यांत लांब आणि जुनाट, सिनेमाचं अर्धं नाव फाटून गेलंय. साल एकावरही नाही. मागे पिवळा पडलेला सेलोटेप आहे. नवरा म्हणतोय, लॅमिनेट करून हॉलमध्ये लावू. पोस्टरं खरी आहेत का, आणि कधीची?

शिळाप्रेसवाला
लॅमिनेशनचा बेत आधी रद्द करा, मग बोलू. एकदा प्लॅस्टिक बसलं की ते कागदासकटच निघतं.

उभी हयात ऑफसेटच्या मशीनवर गेली, आधी पुण्यात, मग सिडनीत. त्यामुळे मी पोस्टरकडे नटाच्या तोंडापासून बघत नाही, कागदाच्या कडेपासून बघतो. अमेरिकन पोस्टरवर तळाशी साल आणि नंबर छापलेला असायचा. ऑस्ट्रेलियन छापखान्यांनी ती तसदी घेतली नाही. म्हणून टेप घ्या आणि मोजा. दुसऱ्या महायुद्धाआधीची डेबिलं साधारण 15 बाय 40 इंच. युद्धात कागदाची टंचाई आली तशी ती पार 10 बाय 30 पर्यंत आक्रसली. युद्धानंतर 13 बाय 30 वर स्थिरावली आणि पुढे बरीच वर्षं तीच राहिली. तुमचं लांबडं 40 च्या आसपास भरलं, तर मामला युद्धाआधीचा.

मग भिंग. हे मात्र नीट करा, उन्हात उभं राहून. चेहऱ्याच्या सावलीचा भाग बघा, गालाखालचा किंवा टोपीखालचा. जुनी डेबिलं लिथोवर निघायची. दगड म्हणा की जस्ताची प्लेट म्हणा, चित्र कारागीर हाताने उतरवायचा. तिथे सावलीत खडू घासल्यासारखा दाणा दिसतो, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे एखादा केसभर सरकलेला असतो. त्याऐवजी रांगेत बसलेले बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई फोटोवरून केलेली. सत्तरच्या दशकातल्या पोस्टरला ते शोभतं, 1938 च्या नाही. चित्र असं हाताने काढलेलं असल्यामुळेच इथली डेबिलं अमेरिकन पोस्टरपेक्षा वेगळी निघायची. कधी कधी नटी तिच्या थोरल्या बहिणीसारखी दिसते. मला तेच आवडतं.

खालच्या कडेला छापखान्याचं नाव वाचा: डब्ल्यू. ई. स्मिथ, रॉबर्ट बर्टन, नाहीतर रिचर्डसन स्टुडिओ. पण एकेक छापखाना अनेक वर्षं चालला, त्यामुळे त्यावरून नेमकं साल निघत नाही.

एनआरसी म्हणजे 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन'. जी, एनआरसी, एम आणि आर ही सेन्सॉरच्या वर्गवारीची अक्षरं नोव्हेंबर 1971 मध्ये आली, आणि 1984 मध्ये एनआरसी जाऊन पीजी आलं. त्याआधी पोस्टरवर 'फॉर जनरल एक्झिबिशन' किंवा 'सूटेबल ओन्ली फॉर अ‍ॅडल्ट्स' असं अख्खं वाक्य असायचं. तेव्हा चिठ्ठीच्या आसपास जुनं वाक्य दिसतंय का बघा. दिसलं, तर पोस्टर जुनं आणि सिनेमा पुन्हा लागला तेव्हा वर चिठ्ठी डकवलेली. चिठ्ठी काढू नका, तोही त्या पोस्टरचा इतिहासच.

पोहेवाला_मेलबर्न
काकांशी शंभर टक्के सहमत. मी ऑनलाइन एक 'अस्सल जुनं' डेबिल घेतलं होतं. आलं ते गुळगुळीत, पांढरंशुभ्र, आणि घड्या छापलेल्या! म्हणजे घडीच्या रेषांचा फोटो. बोट फिरवलं तर कागद सपाट. विकणाऱ्याने नंतर उत्तरच दिलं नाही.

अवांतर: जुन्या हिंदी स्टंटपटांतली फियरलेस नादिया पर्थमध्ये जन्मलेली ना? तिची पोस्टरं इकडे मिळतील का?

शिळाप्रेसवाला
जन्म पर्थचा खरा, 1908 चा, पण 'हंटरवाली' आपल्या वाडियांची, मुंबईची. तिच्यासाठी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचं दार ठोठवा. ऑस्ट्रेलियन सिनेमासाठी कॅनबेराचं नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्ह.

मुग्धाताई, 'जेड्डा' जपा. चार्ल्स शॉवेलचा सिनेमा, ऑस्ट्रेलियातला पहिला रंगीत कथापट. जानेवारी 1955 मध्ये डार्विनला पहिला खेळ झाला. त्यात नगार्ला कुनोथ आणि रॉबर्ट टुडावाली हे दोघे आदिवासी कलाकार मुख्य भूमिकांत होते, आणि पोस्टरवर त्यांना कसं रंगवलंय ते बघण्यासारखं असतं. शेवटच्या भागाची निगेटिव्ह विमान अपघातात गेली, म्हणून तो ब्लू माउंटन्सकडे पुन्हा चित्रित करावा लागला.

तारखांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' ही वेबसाइट उघडा, जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट शोधता येतात. बहुतेक वर्तमानपत्रं तिथे 1954 ला थांबतात, म्हणून 'जेड्डा'साठी मेलबर्नचा 'आर्गस' पकडा, तो 1957 पर्यंत आहे. त्यानंतरच्या काळासाठी 'कॅनबेरा टाइम्स'.

जिलाँगची_मुग्धा
मोजलं! लांबडं 15 बाय 40 च निघालं, आणि टोपीखाली खडूचा दाणा स्पष्ट आहे. एनआरसीच्या कडेने जुन्या वाक्याची दोन अक्षरं डोकावतायत. लॅमिनेशन रद्द, नवऱ्याचं तोंड एवढंसं झालंय. लांबड्यावर नायकाचं पूर्ण नाव आहे, ते ट्रोव्हवर टाकलं तर जाहिरातींचा ढीग आला. आता? आणि सेलोटेपचं काय करू?

शिळाप्रेसवाला
नुसत्या नायकाच्या नावाने शोधू नका, असा नायक वर्षाला चार-चार सिनेमे करायचा. तळाशी बारीक अक्षरात तिसऱ्या-चौथ्या नटाचं नाव असेल, ते आणि नायकाचं नाव एकत्र टाका. ढिगातून दोन-तीन सिनेमे उरतील. मग फाटलेल्या नावाची उरलेली अक्षरं जुळवा.

सेलोटेप ओढू नका, हेअर ड्रायरही नको. कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या. तो टेप सोडवेल आणि हवं तर जपानी कागद लावून कापडावर चढवेल. मात्र गव्हाच्या खळीनेच चढवायला सांगा, म्हणजे पुढे कोणाला काढावंसं वाटलं तर निघतं. तोवर घडी उलगडून, आम्लरहित कागदात, कपाटात आडवं ठेवा. घडीच्या खुणांची लाज नको, थेटरांना ती घडी घालूनच जायची.

आणि तिसऱ्या नटाचं नाव मिळालं की इथे टाका, मीही शोधतो.