चुकीचे इनपुट दिल्यावर ‘कॅच’मधला संदेश थांबतच नाही

प्रश्न:
मी महिनाभरापासून जावा ही प्रोग्रामिंग भाषा शिकत आहे. वय विचारणाऱ्या एका प्रोग्राममध्ये मी व्हाइल लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आत ट्राय आणि कॅच (चालताना आलेली चूक, म्हणजे एक्सेप्शन, पकडणारे भाग) लिहिले असून संख्या स्कॅनरच्या (टाइप केलेले वाचणाऱ्या क्लासच्या) नेक्स्टइंट या मेथडने वाचतो. आकडा दिला की सर्व सुरळीत चालते. मात्र ‘बारा’ असा शब्द टाकला, तर इनपुटमिसमॅचएक्सेप्शन (इनपुट अपेक्षित प्रकारचे नसल्याची चूक) पकडले जाते आणि ‘कृपया संख्या द्या’ ही ओळ पडद्यावर अखंड छापली जाते, पुन्हा टाइप करण्याची संधीच मिळत नाही. एक्सेप्शन पकडल्यावरही असे का व्हावे?

उत्तर १:
तुमचा कॅच बरोबर आहे, अडले आहे ते स्कॅनरमध्ये. पुढचा शब्द संख्या म्हणून वाचता आला नाही, तर नेक्स्टइंट एक्सेप्शन फेकते, पण तो शब्द उचलत नाही, जिथल्या तिथे ठेवते. त्यामुळे लूपच्या पुढच्या फेरीत तिच्यासमोर पुन्हा तोच ‘बारा’ उभा राहतो. कॅचमध्ये संदेश छापल्यावर नेक्स्टलाइन (पूर्ण ओळ वाचणारी मेथड) एकदा बोलवा, म्हणजे उरलेली ओळ टाकून दिली जाईल.

उत्तर २:
वरील उपाय योग्य आहे, परंतु मी स्वतः नेक्स्टइंट वापरणेच सोडून दिले आहे. संख्या नीट वाचल्यावरही ती ओळीच्या शेवटचे एंटर मागे ठेवते आणि लगेच नाव विचारण्यासाठी नेक्स्टलाइन लिहिली, तर हाती रिकामी स्ट्रिंग (मजकूर) येते. या घोळात एक्सेप्शन येतच नसल्यामुळे तो शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली होती. त्याऐवजी सगळे इनपुट नेक्स्टलाइनने घ्यावे, ट्रिम करून (कडेच्या मोकळ्या जागा काढून) इंटिजरच्या पार्सइंटला (मजकुराची संख्या करणाऱ्या मेथडला) द्यावे आणि नंबरफॉरमॅटएक्सेप्शन (मजकुराची संख्या होत नसल्याची चूक) तेवढे पकडावे. (गंमत म्हणजे देवनागरी अंकांतली ‘१२’ ही स्ट्रिंग दिली, तरी पार्सइंट ती संख्या बिनतक्रार ओळखते.)

उत्तर ३:
‘तेवढे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सोय म्हणून कॅचमध्ये सरसकट एक्सेप्शन हा मूळ क्लास लिहिला, तर इनपुट संपल्यावर नेक्स्टलाइन जे नोसचएलिमेंटएक्सेप्शन फेकते तेही गिळले जाईल आणि लूप पुन्हा अखंड फिरू लागेल. शिवाय वय उणे ५ दिले, तर कोणतेही एक्सेप्शन येणार नाही. ती तपासणी साध्या इफने करावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, पार्सइंटने काम झाले. वयाचे व्हेरिएबल ट्रायच्या आत घोषित केल्यामुळे लूपनंतर ते कंपायलरला सापडत नव्हते. ते लूपच्या आधी नेले.