गाडी गॅरेजात असताना मिळालेली बदली गाडी: तुमचे अनुभव सांगा

मागून एकाने ठोकली. कोणाला लागलं नाही, फक्त डिकीचं दार आणि बंपर गेला. "चार दिवसांत देतो" असं ऐकून गाडी गॅरेजात सोडली, आज सव्विसावा दिवस. पार्ट येतोय म्हणे.

बदली गाडी मिळाली, पण ती दोन दारांची चिमुकली. घरात वडील, दोन्ही गुडघे बदललेले. मागे बसवायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. पुढे बसवायचं तर सीट इतकी खाली, की उतरताना ते दाराची वरची कड धरतात आणि मी दंडाला धरून ओढतो. वॉकर डिकीत मावत नाही. तो मागच्या सीटवर आडवा, त्याचे रबरी पाय माझ्या मानेशी. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मलापण गॅरेजलाच सोड, दोघं एकदम दुरुस्त होऊन येऊ."

चूक माझी. फोनवर "गाडी मिळेल ना?" एवढंच विचारलं होतं. कसली, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता बदलून मागतोय तर "सध्या हीच शिल्लक आहे." तुमच्यापैकी कोणी हवी तशी गाडी मिळवली का? कशी? फसला असाल तरी लिहा.

———

बरीच वर्षं सर्व्हिस काउंटरच्या पलीकडे बसत होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. बदली गाड्या मोजक्या असतात आणि अपॉइंटमेंट घेतानाच वाटल्या जातात. तुम्ही किल्ली द्यायला येता तेव्हा उरलेली मिळते. "जरा मोठी द्या" सगळेच म्हणतात, ते कानाआड होतं. "घरात वॉकर आहे, चार दारं आणि उंच सीट लागेल" असं म्हणा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. लिहिलेलं नाकारायला निदान कारण द्यावं लागतं.

दुसरं म्हणजे, गाडी सुरक्षित चालत असेल तर पार्ट आल्याशिवाय ती आत सोडूच नका. तुमच्या सव्विसातले बरेचसे दिवस ती नुसती एका कोपऱ्यात उभी असेल.

———

(धागाकर्ता) दादा, डिकीचं लॅचच लागत नाही. नाहीतर हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं!

———

माझी गाडी अगदी योग्य मिळाली होती. माझ्याच आकाराची, रंगही तोच. अडलं ते रिव्हर्सला. एका इमारतीच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून लावली आणि बाहेर काढायची वेळ आली तेव्हा रिव्हर्स पडेना. माझ्या गाडीत गिअरची मूठ खाली दाबून पाडायचा असतो. दाबली, जोर लावला, पहिला पडला, गाडी भिंतीकडे दोन इंच. पुन्हा तेच. मागे एक काका हॉर्न देत होते. शेवटी तेच उतरून आले, काचेतून हात घातला आणि मुठीखालची गोल कडी दोन बोटांनी वर उचलून दाखवली. "हे वर घ्यायचं बेटा." तेव्हापासून दुसऱ्याची गाडी ताब्यात घेताना देणाऱ्या माणसासमोर रिव्हर्स टाकून बघते. हसले तर हसू देत.

———

ताई, मी त्याच्या वरचढ. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडलं, मी "बिघडली" म्हणून गॅरेजला फोन लावला. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "सर, क्लच दाबा." ऑटो स्टार्ट-स्टॉप होतं ते.

———

तुमच्यासाठी हा गैरसोयीचा विषय आहे, माझ्यासाठी घराबाहेर पडण्याचा. माझे पाय चालत नाहीत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हाताच्या दांड्यावर: पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. स्टिअरिंग एका हाताने फिरवायला त्यावर गोल मूठ. अशी बदली गाडी मी आजवर एकाही काउंटरवर तयार पाहिलेली नाही. पहिल्या वेळी मला फार उदारपणे ऑटोमॅटिक देऊ केली. क्लच नाही ना, मग काय अडचण! मी किल्ली परत सरकवली आणि विचारलं, "पेडल कोण दाबणार, तुम्ही येता का?"

आता मी वेगळं करतो. मोठं काम असेल तर महिनाभर आधी सांगतो. एकदा त्यांनी बाहेरून सोय केलेली गाडी भाड्याने आणून दिली. एकदा ते जमलं नाही, तर चालकासह गाडी दिली, तेवढेच दिवस. किरकोळ काम असेल तर सकाळी सोडून तिथेच बसतो, संध्याकाळी घेऊन येतो. काउंटरवरच्या मुलांचा दोष नाही, त्यांच्या फॉर्मवर हा रकानाच नसतो. पण विम्याच्या माणसाला मात्र मी सोडत नाही. पॉलिसीत "बदली वाहन" लिहिलंय, मग मला चालवता येईल असंच वाहन हवं, हे ईमेलवर लिहून पाठवतो. फोनवरचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

———

विम्यावरून आठवलं. माझ्या पॉलिसीत बदली गाडी होती, पण त्यांच्या ठरावीक गॅरेजात काम केलं तरच. मी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली, हक्क गेला. बारीक अक्षरात आणखी एक होतं: बदली गाडी दुरुस्ती चालू असेपर्यंतच. सर्व्हेअरने गाडी दुरुस्तीपलीकडे ठरवली असती तर बदलीही लगेच परत करावी लागली असती. म्हणजे गरज सर्वात जास्त तेव्हाच. आणि बदली गाडी ठोकली तर खिशातून किती जाणार, ही रक्कम सही करण्याआधी विचारा. माझ्या नेहमीच्या पॉलिसीपेक्षा ती बरीच जास्त निघाली.

———

लहान मूल असेल तर आपली चाइल्ड सीट सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवायची सोय) दोन कड्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, २८० मिमी, त्यामुळे कड्या असल्या की आयसोफिक्सची सीट सहसा बसते. पण जुन्या गाडीत कड्याच नसतात. मी पाठ आणि बैठक यांच्या फटीत मनगटापर्यंत हात घालून चाचपत होतो. हाताला एक जुनं बिस्किट आणि पेनाचं टोपण लागलं, कडी नाही. शेवटी पट्ट्याने बांधली. तसं चालतं, पण आपली सीट पट्ट्यावर चालणारी आहे का हे तिच्या पुस्तकात पाहावं लागतं.

———

पेट्रोलची सवय, बदली डिझेलची. बाकी काय झालं ते समजून घ्या. डिझेलची जाड नळी पेट्रोलच्या टाकीत सहसा जात नाही, उलटं मात्र अलगद जातं. पंपावरच्या मुलाने "ताई, चालू करू नका" म्हणून ओरडून किल्ली काढायला लावली, म्हणून इंजिन वाचलं. टाकी उपसावी लागली तेवढी.

———

गाडी परत देताना तिच्यातून आपला फोन पुसा. माझ्या बदली गाडीच्या स्क्रीनवर आधीच्या गृहस्थांची अख्खी फोनवही होती, आणि "घर" दाबलं की त्यांच्या दारापर्यंत रस्ता.

———

(धागाकर्ता) काउंटरवाल्या दादांचं ऐकलं. वॉकरसह बाबांना घेऊनच गॅरेजात गेलो आणि ते काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून राहिले, न बोलता. तासाभरात उंच, चार दारांची निघाली. वॉकर डिकीत उभा मावतो. फक्त ती ऑटोमॅटिक आहे. पहिल्याच वळणावर माझा डावा पाय सवयीने क्लच शोधत ब्रेकवर पडला आणि बाबा पट्ट्याला लटकले. आता ते मागे बसतात. म्हणतात, "दार चार आहेत ना, मग मी मागेच बरा."