काचबिंदू: बी-३च्या गोळ्या, लेझर की ट्रायलमध्ये नाव? (सांगली)

द्राक्षबाग_तासगाव
वडील ६८. दोन्ही डोळ्यांत ओपन अँगल (डोळ्यातलं पाणी निघायचा कोन उघडा असलेला) काचबिंदू. रात्री लॅटानोप्रॉस्ट, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल. डोळ्यातलं प्रेशर सुरुवातीला २६ होतं, आता उजवा १७, डावा १८. तरी डाव्या डोळ्याच्या फील्डचा (नजरेचा परीघ मोजणाऱ्या चाचणीचा) एमडी, म्हणजे सरासरी घट, वर्षात -६.१ वरून -७.९ झाला. भाचा म्हणतो, बी-३ जीवनसत्त्वाने डोळ्याची नस वाचते, परदेशात ट्रायल चालल्यात. बजेट थेंबांसकट महिना १२०० रुपये. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, पुण्या-मुंबईच्या वाऱ्या जमणार नाहीत. काय करावं?

अजिंक्यतारा
एसएलटी (पाणी निघायची जाळी मोकळी करणारं) लेझर करून मोकळे व्हा. ब्रिटनच्या लाइट ट्रायलमध्ये ७१८ पेशंट होते. आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक तीन वर्षांनी थेंबांशिवाय ठरवलेल्या प्रेशरवर होते. डोळा बधिर करून दहा मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. साताऱ्यातही होतं, पुणं कशाला? बजेटचं म्हणाल तर डोळ्यापुढे पैसा बघू नये.

भडंग_विथ_चहा
मोतीबिंदू काढून चांगली परदेशी लेन्स टाका. दोन्ही कामं एकदम.

फील्डची_खोली
भडंगराव, काचबिंदू वेगळा, मोतीबिंदू वेगळा. लेन्स काढल्याने प्रेशर थोडं उतरतं, आणि कोन बंद होणाऱ्या प्रकारात ते ऑपरेशन खरंच उपयोगी आहे. यांचा कोन उघडा आहे.

अजिंक्यतारासाहेब, लाइटमधले पेशंट नवीन होते, थेंब सुरू न केलेले. दोन औषधं चालू असलेल्या डोळ्यात लेझरने प्रेशरची जादा मिळणारी उतरण कमी असते. परिणाम कळायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि काही वर्षांत तो ओसरतो. आधी गोनिओस्कोपी करून कोन बघितलाच पाहिजे.

आता फील्ड. एका वर्षातल्या दोन चाचण्यांवर निकाल लावू नका. प्रिंटआउटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात फिक्सेशन लॉसेस (नजर मधून किती वेळा हलली) आणि फॉल्स पॉझिटिव्ह बघा. फॉल्स पॉझिटिव्ह १५ टक्क्यांच्या वर असेल तर पेशंटने दिवा न दिसताच बटण दाबलंय. वरची पापणी लोंबत असेल तर वरच्या बाजूला खोटा काळा पट्टा येतो, तेव्हा पापणीला टेप लावायची. चाचणीला जवळच्या चष्म्याचा नंबर चुकीचा घातला की सगळंच फील्ड फिकं पडतं. एकच यंत्र, तोच २४-२ प्रोग्राम, दोन वर्षांत सहा फील्ड, मग वेग कळतो. -६.१ ते -७.९ हा फरक खरा असू शकतो, तसाच झोप न झाल्याचाही असू शकतो.

काउंटरच्या_आतून
बी-३बद्दल. ट्रायलमध्ये वापरलं ते निकोटिनामाइड. दुकानात नियासिन मागितलं तर निकोटिनिक अॅसिड मिळतं. त्याने तोंड लालबुंद होतं, आणि मोठ्या डोसला क्वचित डोळ्याच्या पडद्यालाच सूज येते. दोन्हींना बी-३च म्हणतात, घोटाळा तिथेच होतो.

२०२० साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ५७ जण होते. सहा आठवडे रोज १.५ ग्रॅम, पुढचे सहा आठवडे ३ ग्रॅम. पडद्याच्या आतल्या थराचा विजेचा प्रतिसाद सुधारला. नजर जायची थांबली, असं त्यात कुठेच नाही; बारा आठवड्यांत ते मोजताही येत नाही. या डोसला लिव्हर बिघडू शकतं, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीशिवाय आणि एलएफटीशिवाय (लिव्हरच्या रक्ततपासणीशिवाय) नको.

आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल तीस-तीस गिळून ३ ग्रॅम भरणारे महाभाग आहेत. त्यात बी-६ही तीसपट जातं, आणि जास्त बी-६ने हातापायांच्या नसा बधिर होतात.

रजिस्टर_उघडा
नस वाचवणाऱ्या औषधांची आशा नवी नाही. मेमँटिन या औषधाच्या दोन फेज-३ (मोठ्या, शेवटच्या टप्प्याच्या) ट्रायल झाल्या, चार वर्षं, दोन हजारांवर पेशंट. पदरात काही पडलं नाही. निकोटिनामाइडच्या लांब मुदतीच्या ट्रायल स्वीडन आणि ब्रिटनमध्ये हाती घेतल्यात.

आजवर पक्कं ठरलंय ते प्रेशरचंच. ब्रिटनच्या यूकेजीटीएस या ट्रायलमध्ये ५१६ जण, दोन वर्षं: नुसत्या प्लासिबो (औषध नसलेल्या) थेंबांवर २५.६ टक्के लोकांचं फील्ड खालावलं, लॅटानोप्रॉस्टवर १५.२.

ट्रायलमध्येच जायचं तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत शोधा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. भरती चालू आहे का, केंद्र कुठलं, प्रेशर-एमडीची अट काय, एवढं आधी वाचा. प्लासिबो वाट्याला येऊ शकतो, आणि ठरल्या तारखांना जावंच लागतं. छाटणीचं कारण चालत नाही. ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा. स्टेम सेलचं इंजेक्शन विकणारे ‘ट्रायल’ हाच शब्द वापरतात.

काउंटरच्या_आतून
मुख्य प्रश्न राहिला. फवारणीनंतर डोळे चुरचुरले की वडील कुठला थेंब टाकतात?

द्राक्षबाग_तासगाव
लाल डोळ्याचा एक असतो घरात. त्यावर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन असं लिहिलंय.

काउंटरच्या_आतून
डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. काचबिंदूवाल्यांचं प्रेशर त्याने चढण्याचा धोका जास्त. तपासणीच्या दिवशी १७ दिसतं. फवारणीच्या हंगामात किती असतं, ते कोणी मोजलंय? बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा. हा स्टेरॉइडचा थेंब बंद केल्यावर प्रेशर खाली यायला काही आठवडे जातात, तेव्हा परत मोजायचं.

अजिंक्यतारा
म्हणूनच म्हणतो, लेझर करा.

फील्डची_खोली
अहो, आधी स्टेरॉइड बंद करून प्रेशर बघू द्या की!

भडंग_विथ_चहा
लॅटानोप्रॉस्ट फ्रिजमध्येच ठेवा. आमच्याकडे सगळे ठेवतात.

काउंटरच्या_आतून
लेबल वाचा. बहुतेक बाटल्या उघडायच्या आधी २ ते ८ अंशांत, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात. सांगलीत एप्रिलमध्ये २५ अंश कुठले, तेव्हा फ्रिजच्या दारात ठेवलेली बरी.

बाटलीचा हिशोबही ठेवा. अडीच मिलीमध्ये साधारण ८० थेंब. दोन डोळ्यांना रोज एकेक म्हणजे चाळीस दिवस. वीस दिवसांत संपली तर निम्मं औषध गालावर जातंय. दोन महिने पुरली तर रात्री चुकतायत. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, दोन औषधांत पाच मिनिटं अंतर. दम्याचा त्रास किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉलबद्दल आधी विचारा. प्रेशर आणखी उतरवायचं ठरलं तर टिमोलॉलच्या जागी डॉर्झोलामाइड-टिमोलॉलची एकत्र बाटली असते, थेंबांची संख्या वाढत नाही. तोंड कडू होतं, तेवढं सोसावं लागतं. सल्फाची अॅलर्जी असेल तर नको.

रजिस्टर_उघडा
बरोबर. शिवाय प्रेशर २६ वरून कितीवर आणायचं लक्ष्य आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वीडनच्या ईएमजीटी या ट्रायलमध्ये प्रेशरचा प्रत्येक एक अंक उतरला की फील्ड खालावण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसला. १८ चं १५ होणं छोटं नाही.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे आभार. लाल डोळ्याची बाटली घेऊन उद्याच मिरजेला डॉक्टरांकडे जातोय. लेझर आत्ता नाही, ट्रायल नाही, नवी बाटलीही नाही. छाटणी उरकली की प्रेशर आणि त्याच यंत्रावर फील्ड. बी-३चा डबा मात्र भाच्याने मागवलाय, आई म्हणते पैसे दिलेत तर संपवू.

अजिंक्यतारा
छाटणीपर्यंत थांबणं मला पटत नाही.

काउंटरच्या_आतून
डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय?

द्राक्षबाग_तासगाव
नियासिन ५०० मिलिग्रॅम. परत पाठवतो.