वाडग्यातली कॉफी : काफे ओ ले

शिकायला फ्रान्समधल्या ल्योंला होते तेव्हा एका आजींच्या घरी राहायचे. पहिल्या सकाळी त्यांनी पुढ्यात चांगला मोठा वाडगा ठेवला. मला वाटलं, सूप. त्यांनी एका हाताने कडक कॉफी आणि दुसऱ्या हाताने गरम दूध एकदमच ओतलं. हीच काफे ओ ले, म्हणजे दुधाची कॉफी. मग लोणी-जॅम लावलेला पावाचा लांब तुकडा त्यात बुडवला आणि लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगायला लागले. आपण चहात खारी बुडवतो, अगदी तसंच! वाडगा दोन्ही हातांनी धरून प्यायचा. थंडीत आधी बोटं शेकतात, मग घसा. तुम्ही ही कॉफी कुठे, कशी प्यायलात? जरूर लिहा. पुढे वाचकांनी लिहिलेलं :

*

पॅरिसमध्ये मला वाडगा दिसलाच नाही. कॅफेत लोक 'काफे क्रेम' मागवतात. नावात क्रेम असलं तरी मलई नसते. एस्प्रेसोवर वाफेने तापवलेलं दूध, तेही कपात. मित्र म्हणाला, ओ ले घरी प्यायची, कॅफेत क्रेम.

*

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. उत्तर फ्रान्समधल्या लीलला नोकरीला गेलो. शेजारच्या काकूंनी दिलेल्या कॉफीचा पहिला घोट घेतला आणि थबकलोच. चिकोरी! घरच्या फिल्टर कॉफीची तीच कडवट-गोड, किंचित करपल्यासारखी चव. नेपोलियनने 1806 मध्ये ब्रिटनशी व्यापार बंद केला, कॉफी मिळेना, तेव्हा फ्रान्समधले लोक चिकोरी या वनस्पतीची मुळं भाजून पूड घालू लागले. पुढे कॉफी आली, पण उत्तर फ्रान्समध्ये चिकोरी टिकली. काकूंना आमच्या डबरा-टंबलरचा, म्हणजे कॉफीच्या वाटी-पेल्याचा फोटो दाखवला, तर त्यांनी लगेच कपाटातून चिकोरीचा पुडा काढून हातात ठेवला.

*

घरी करणाऱ्यांसाठी : कॉफी कडकच हवी, दूध साधारण तेवढंच. दुधाच्या कडेला बुडबुडे आले की उतरवा. उकळलं की साय धरते, चवही बदलते. इन्स्टंट कॉफीने ती गंमत येत नाही, कृपया वापरू नका.

*

लेकीचं सासर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं. तिथल्या वाडग्यांना दोन बाजूंना दोन छोटे कान आणि वर माणसाचं नाव रंगवलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला फ्रेंच येत नव्हतं, विहीणबाईंना मराठी. सकाळी टेबलावर पाहिलं, तर सगळ्यांच्या वाडग्यांच्या रांगेत एक नवा कोरा होता. निळ्या अक्षरात माझं नाव. परतताना बरोबर नेते म्हणाले, तर त्यांनी मान हलवली आणि तो परत कपाटात ठेवला, त्यांच्या वाडग्याशेजारी.