गोराईतील मोकळ्या कोंबड्यांची घरघर आणि जंत : आधी कशावर उपचार करावा?

नमस्कार. आम्ही गोराई गावात राहतो आणि घरामागच्या वाडीत गेली अकरा वर्षे गावठी कोंबड्या मोकळ्या पाळतो. धंदा म्हणावा एवढा हा व्याप नाही. अंडी घरात आणि शेजारच्या चार घरांत जातात, आणि वाढलेले कोंबडे गटारीला विकले जातात. श्रावण लागला तेव्हा आमच्याकडे १८ कोंबड्या, ६ कोंबडे आणि १० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) असे ३४ पक्षी होते. आज ३२ आहेत आणि त्यांतले ९ आजारी आहेत. खाडीपलीकडे बोरिवलीत ज्या दोन दवाखान्यांत विचारले, तेथे कुत्र्या-मांजरांवरच उपचार होतात. कोंबडीचे नाव काढताच दोन्हीकडून नम्र नकार मिळाला, म्हणून येथे विचारत आहे.

गणपतीच्या सुमारास रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येऊ लागली. दिवसा त्याच कोंबड्या चरताना बऱ्या दिसत, फक्त मधूनच शिंकत आणि मान झटकत. आठवड्याभरात काहींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसू लागला, नाकपुड्यांवर माती चिकटून खपली धरू लागली आणि अंडी निम्म्यावर आली. एक कोंबडी गेली, तिच्यानंतर १९ दिवसांनी एक तलंग गेली. कोणाचीही मान वाकडी झालेली नाही, पाय लुळे पडलेले नाहीत, हिरवी हगवणही नाही.

याच काळात दुसरी गोष्ट लक्षात आली. दोन कोंबड्यांच्या शिटेत बोटभर लांबीचे पांढरे जंत पडले आणि एकीच्या शिटेत शिजलेल्या भातासारखे चपटे कण दिसले. मेलेली तलंग हातात घेतली तेव्हा छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते. तुरे फिकट पडले आहेत. गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला केली तर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके असतात. सर्वांत जुन्या कोंबड्याच्या पायांवरचे खवले उचलले जाऊन पाय खडबडीत झाले आहेत.

आतापर्यंत हळद, लसूण आणि तुळशीचा काढा पाण्यातून दिला. त्यानंतर जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पावडर तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी घरघर जवळजवळ थांबली आणि दहाव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. पिल्लांना मानमोडीवरच्या लासोटा लसीचे थेंब दिले होते, मात्र पुढची लस राहून गेली, कारण लसीची लहानात लहान कुपीही शंभर पक्ष्यांची असल्याचे सांगण्यात आले आणि ती बर्फात ठेवून बोटीने आणावी लागते.

माझ्या शंका अशा आहेत. जंतांमुळे अशक्तपणा येऊन ही सर्दी झाली असेल, की श्वासनलिकेतच जंत असल्यामुळे घरघर होत आहे? जंताचे औषध आधी द्यावे की श्वासाचे? अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ही औषधे चालतात का? आणि जी जमीन बदलता येत नाही, तिच्यातील जंतांचे काय करावे? शेजारी बर्ड फ्लूचे नाव घेऊ लागले आहेत, त्यामुळे घरातही काळजी आहे.

प्रतिसाद

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात काम करून निवृत्त झालो असून आता वसईला राहतो. पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

शेजाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. २०२१ च्या जानेवारीत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता आणि २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यात तो कोंबड्यांत आला होता. परंतु त्या रोगात एक-दोन दिवसांत खुराडेच्या खुराडे आडवे होते. १९ दिवसांच्या अंतराने एकेक पक्षी जात नाही. तसे एकाएकी घडले, तर मेलेला पक्षी घरी कापू नये, उघड्या हाताने उचलू नये आणि पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवावे. मान वाकडी होणे, पंख लुळे पडणे आणि हिरवी हगवण ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची असतात. ती आपल्याकडे नाहीत, हे चांगले आहे.

डोळ्यांत फेस, रात्रीची घरघर, संथ फैलाव आणि प्रतिजैविकाने दबून पुन्हा उलटणे, हे सारे सीआरडीकडे, म्हणजे कोंबड्यांच्या श्वासाच्या जुनाट रोगाकडे बोट दाखवते. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होतो. बरा दिसणारा पक्षीही तो जंतू अंगात बाळगून राहतो आणि अंड्यातून तो पिल्लांतही उतरतो. दोन-तीन दिवसांत अनेकांचे तोंड सुजले असते आणि नाकाच्या स्रावाला घाण वास आला असता, तर मी कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची साथीची सर्दी, म्हटले असते. श्वासनलिकेतले तांबडे जंत असतातच, पण ते बहुधा लहान पक्ष्यांना त्रास देतात. अशा वेळी पक्षी शिंकत बसत नाही, तो मान वर ताणून चोच उघडून हवा ओढतो. त्यामुळे घरघर आणि जंत ही आपल्याकडची दोन वेगळी दुखणी असावीत, जी एकमेकांना बळ देत आहेत.

आता मला दोन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. श्रावणात किंवा त्याच्या आधी बाहेरून कोणते पक्षी आणले होते का? आणि पावसाळ्यात खुराडे कशाने झाकले होते? पहाटे दार उघडण्यापूर्वी खाली बसून आपले नाक कोंबडीच्या उंचीवर न्यावे. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे. ओल्या शिटेतून निघणारा हा वायू श्वासनलिकेच्या आतले बारीक केस निकामी करतो आणि मग कोणताही जंतू सहज आत शिरतो. आपण दिवसा वाडीत उभे राहून कोंबड्यांकडे पाहतो, त्या मात्र बारा तास आत बसून तीच हवा घेतात.

ताई यांचे उत्तर

आपण दोन्ही ठिकाणी नेमके बोट ठेवले आहे. जुलैच्या मुसळधार पावसात पाणी आत येऊ नये म्हणून खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली होती आणि ती अजून तशीच आहे. गटारीला विकायचे राहिलेले कोंबडेही श्रावण संपेपर्यंत त्याच खुराड्यात होते, कारण त्या महिन्यात गिऱ्हाईक मिळत नाही. आज पहाटे आपण सांगितल्याप्रमाणे खाली बसले आणि दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी आले. चार तलंगा आषाढात बाजारातून आणल्या होत्या व त्या पहिल्याच रात्री इतरांसोबत सोडल्या होत्या. त्यांतली एक शिंकत होती हे आता आठवते. तेव्हा ते प्रवासाच्या धुळीमुळे असेल असे वाटले होते.

प्रतिसाद

तर मग क्रम असा ठेवावा. ताडपत्री वरच्या भागातून आजच उघडावी, म्हणजे पक्ष्यांच्या अंगावर झोत न येता वरून हवा खेळेल. खुराड्यात खाली अंथरलेली ओली गादी पूर्ण काढून कोरडे भाताचे तूस पसरावे. काढलेली गादी वाडीत न टाकता दूर कुजवावी. आजारी नऊ पक्षी वेगळे ठेवावेत आणि दाणापाणी आधी निरोगी पक्ष्यांना, मग आजाऱ्यांना द्यावे.

औषधाआधी तपासणी करून घ्यावी. पाच-सहा पक्ष्यांची त्याच सकाळची ताजी शीट स्वच्छ डबीत घालून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावी, आणि पुन्हा पक्षी दगावला तर तो बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी तेथे शवविच्छेदनासाठी पोचवावा. याला कारण आहे. पिपेराझिन हे जंताचे औषध फक्त मोठे गोल जंत पाडते, भातासारखे दिसणारे चपटे जंत त्याने जात नाहीत. रक्ती हगवण असेल तर कोणतेच जंताचे औषध उपयोगी नाही, कारण ती जंतांमुळे होतच नाही. प्रतिजैविकही पशुवैद्याने लिहून दिलेलेच पूर्ण दिवस द्यावे. दुकानातल्या पावडरीच्या पाकिटावर कोलिस्टिन लिहिले असेल तर ती देऊ नये, खाद्य प्राण्यांसाठी त्यावर २०१९ पासून बंदी आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक अंड्यावरच्या कोंबड्यांना नको. पाकिटावर जितके दिवस अंडी टाळायला सांगितले असेल तितके दिवस ती शेजाऱ्यांनाही देऊ नयेत, फुकट असली तरी.

धाप कमी झाल्यावर जंताचे औषध द्यावे आणि त्यानंतर आठवड्याभराने मानमोडीची मोठ्या पक्ष्यांची लस टोचून घ्यावी, कारण जंतांनी पोखरलेल्या शरीरात लस नीट लागत नाही. कुपी वाया जाऊ नये म्हणून गावातल्या इतर पाळणाऱ्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा. एकदा विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते.

उवांचे औषध लिखांवर चालत नाही, म्हणून ते दहा दिवसांनी पुन्हा द्यावे. कोरडी राख आणि बारीक माती मिसळून छपराखाली खड्डा करून द्यावा, उरलेले काम कोंबड्या स्वतः करतात. रात्री बॅटरी घेऊन बांबूच्या फटी पाहाव्यात. रक्त पिऊन लाल झालेले बारीक कीटक दिवसा तेथेच लपतात. कोंबड्याचे पाय कोमट पाण्याने धुऊन त्यांवर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे लावत राहावे, कारण हा त्रास देणारे माइट नावाचे सूक्ष्म कीटक खवल्यांखाली राहतात.

जमिनीबाबत आपण विचारले होते. गोल जंतांची अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत महिनोन्महिने टिकतात आणि गांडुळांमार्फतही कोंबडीच्या पोटात जातात. चपट्या जंतांना मुंग्या आणि भुंगे वाहून नेतात. वाडीचे जाळीने दोन भाग करून आलटून पालटून चरायला सोडावे, मोकळ्या भागात फांद्या छाटून ऊन खाली पोचू द्यावे आणि दाणे जमिनीवर न फेकता पन्हाळीत घालावेत. पिल्ले मोठ्या कोंबड्यांनी वापरलेल्या जागेत सोडू नयेत.

ताई यांचे उत्तर

मनापासून आभार. ताडपत्री उघडून पाच दिवस झाले आणि रात्रीची घरघर नऊपैकी चारच पक्ष्यांत उरली आहे. शिटेच्या तपासणीत गोल व चपटे असे दोन्ही जंत निघाले, रक्ती हगवण नाही. औषध लिहून मिळाले आहे आणि अंडी सध्या खड्ड्यात पुरत आहोत, ज्याचे सासूबाईंना फार वाईट वाटते. एकच गोष्ट अजून ठरत नाही. बाजारातून आणलेल्या चार तलंगांपैकी तीन जिवंत आहेत आणि आता त्या पूर्ण बऱ्या दिसतात. त्या जंतू बाळगून असणार, हे आपल्या लिहिण्यावरून समजले. त्या खुडूक बसल्या तर त्यांची अंडी उबवू द्यायची नाहीत, एवढे ठरवले आहे. पण त्यांना कळपातच ठेवावे, की वर्षभराने सगळाच कळप काढून, खुराडे काही आठवडे रिकामे ठेवून, नव्या पिल्लांपासून सुरुवात करावी? ज्यांनी असे केले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया लिहावा.