बोका कुंथतोय, पण लघवी होत नाही: नागपूरकर मांजरवाल्यांनो, अनुभव लिहा

नवतपा जवळ आला की ओळखीतल्या कुणा ना कुणाच्या बोक्याची लघवी अडते. पारा ४५च्या पुढे, मांजर दिवसभर कूलरसमोर पसरलेलं, पाण्याकडे फिरकत नाही. घरी हे निभावलेल्यांनी सविस्तर लिहा: आधी काय दिसलं, इलाज काय झाला, नंतर घरात काय बदललं.

एक मात्र आधीच सांगते. बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये बसतोय आणि थेंबही येत नाही, तर वाचत बसू नका, त्याला उचला आणि डॉक्टर गाठा. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद. ती बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर ताण येतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा.

मानेवाड्याहून
आमचा बोका कुंथत होता तेव्हा आईला वाटलं, पोट साफ होत नाहीये. शेजारच्या काकू एरंडेल घेऊन आल्या. पण ट्रेमधली वाळू सकाळपासून कोरडी होती, तो सारखा खालची जागा चाटत होता, आणि दुपारी उलटीही झाली. तसाच गाडीवर घालून नेला. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं, मूत्राशय लिंबासारखं टणक झालंय. (घरी दाबून बघू नका, फुटू शकतं.) गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, सलाईन लावलं आणि ठेवून घेतलं. चिकट स्राव आणि बारीक खड्यांचा बोळा अडकला होता.

घरी आणल्यावर खरी परीक्षा. सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा तुंबण्याचा धोका असतो, म्हणून लघवीने होणारे वाळूचे गोळे रोज बघायचे, लहान झाले की फोन करायचा. कोरडं खाणं जवळपास बंद केलं. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा पाणीच. पाण्याची भांडी जेवणापासून लांब, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली. माठाजवळचं वाडगं त्याला सगळ्यात आवडतं.

धरमपेठेतून
आमची मांजर, वय चार. बाथरूमच्या फरशीवर गुलाबी लघवी. मला वाटलं इन्फेक्शन, पण तपासणीत जंतू नव्हतेच. तरुण मांजरांत जंतूंचा संसर्ग कमी आढळतो, म्हाताऱ्या मांजरांत जास्त. हिला ताणामुळे मूत्राशयाला सूज आली होती; घरात रंगकाम चालू होतं. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, शांत खोली द्यायला सांगितली, आठवड्याभरात ती सावरली. जुनी उरलेली अँटिबायोटिक्स मनाने देऊ नका. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, मांजरासाठी ते विष आहे.

महालातून
ताणाचं अगदी पटलं, ताई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीजवळून मारबतीची मिरवणूक जाते, ढोल-ताशे आणि गर्दी. आमच्या मांजरीला दोनदा त्याच सुमारास त्रास झाला. आता आदल्या रात्रीच मागच्या खोलीत ट्रे, पाणी आणि तिची गोधडी नेऊन ठेवतो. त्यानंतर त्रास झालेला नाही. दिवाळीतही तेच करतो.

सदरमधून
खड्यांबद्दल थोडं. स्ट्रुवाईटचे खडे खास आहाराने विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे नाही. ते काढावे लागतात. म्हणून एक्स-रे, सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी न करता दुसऱ्याच्या मांजराचं खाणं आणू नका. आम्ही सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं होतं, तिथे हे नीट समजावून सांगितलं.

नंदनवनमधून
तीन मांजरं असतील तर ट्रे किती?

धरमपेठेतून
चार. मांजरांपेक्षा एक जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. एखादी दादागिरी करणारी असेल तर बाकीच्या लघवी धरून ठेवतात.

खामल्यातून
आमच्या बोक्याला वारंवार तुंबायचं, शेवटी मूत्रमार्ग रुंद करण्याचं ऑपरेशन केलं. निर्णय जड गेला. आता धार मोकळी आहे, पण ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून अधूनमधून लघवी तपासून घेतो. ओलं खाणं तसंच चालू आहे. कुणाला या ऑपरेशनबद्दल विचारायचं असेल तर इथेच लिहा, रोज रात्री बघतो.